'खाली करो': साइटवर पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्यांसाठी

माझ्या नोकरीचा तिसरा महिना होता. नागपूरच्या बेसा भागात एका चार मजली इमारतीचं काम चालू होतं. तिसऱ्या मजल्यावर बाथरूमची तोडफोड झाली होती आणि तिथला मलबा मिनी लिफ्टच्या बकेटनं उतरवणं सुरू होतं. वर बिहारमधल्या अररियाचा एक पोरगा होता, वय असेल एकोणीस-वीस. बकेट भरून स्लॅबच्या कडेबाहेर लटकत होती आणि तो तिला एका हातानं धरून उभा होता. खाली ट्रॉली रिकामी झाली तशी मी ओरडले, "खाली करो!"

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य मला इतक्या खालूनही दिसलं. त्यानं विचारलंसुद्धा, "खाली कर दें?"

मी म्हटलं, "हां, खाली करो, जल्दी."

आणि त्यानं बकेट उलटी केली.

अर्ध्या विटा, प्लास्टरचे ढेकूळ, सिमेंटचा भुगा, सगळं तीन मजल्यांवरून आलं. माझ्यापासून दहा-बारा फुटांवर एक रेजा, म्हणजे बाई मजूर, रेती चाळत होती. विटेचा एक तुकडा तिच्या चाळणीवर पडला आणि चाळणीची लाकडी चौकट दुभंगली. बाई मागे सरकली होती म्हणून वाचली. ती का सरकली, तेही मला माहीत आहे. तिनं 'खाली करो' ऐकलं होतं आणि तिला त्याचा खरा अर्थ ठाऊक होता.

मराठीत खाली म्हणजे तळाशी, जमिनीकडे. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. मी बकेट उतरवायला सांगत होते, त्याला ती रिकामी करायचा हुकूम ऐकू आला. त्याला शंका आली, त्यानं विचारलं, आणि मी तोच शब्द पुन्हा म्हणून त्याची शंका मिटवली. हा भाग मला आजही छळतो. पोरानं आपलं काम चोख केलं होतं. त्या दिवशीची त्याची हाजरी ठेकेदारानं कापली आणि मी गप्प राहिले, कारण नेमकं काय झालं ते तेव्हा मलाच कळलं नव्हतं. संध्याकाळी त्या रेजानं मला समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी हाजरी परत लावून घेतली, पण तोवर सगळ्यांसमोर त्याला शिव्या खाऊन झाल्या होत्या.

मी हिंगणघाटची, डिप्लोमा करून नागपुरात आले. तुमच्यातले बरेचजण वर्धा, भंडारा, यवतमाळ, चंद्रपूरकडून असेच येणार आहात. कॉलेजात आपल्याला बीम डिझाइन शिकवतात, लेव्हल लावायला शिकवतात, बिल काढायला शिकवतात. साइटवर पन्नास माणसांशी पाच भाषांत बोलायचं आहे, हे कोणी शिकवत नाही. आणि नागपूरकराला ते शिकायची गरजही वाटत नाही, कारण आपल्याला हिंदी येतं असा आपला पक्का समज असतो.

त्या समजामागं इतिहास आहे. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. कचेरी, बाजार, शाळा, सगळीकडे हिंदी आणि मराठी शेजारी शेजारी नांदल्या. सीताबर्डीवर भाजी घेताना आपण कोणत्या भाषेत घासाघीस करतो ते आपल्यालाच कळत नाही. पण ती आपली हिंदी. 'मेरेको', 'अपन', 'आएगा करके बोला' ही सीताबर्डीला चालते. बिहारमधल्या सिवानहून काल रात्रीच्या गाडीनं उतरलेल्या माणसाला ती अर्धी कळते, आणि उरलेली अर्धी तो अंदाजानं भरून काढतो. माझ्या अनुभवात जी भाषा अजिबात येत नाही तिच्यामुळं फारसे अपघात होत नाहीत. तेलुगू माणसाशी बोलताना आपण हातवारे करतो, चित्र काढतो, दोनदा तपासतो. घात होतो तो येते असं वाटणाऱ्या भाषेत.

साइटवर कोण कोण असतं ते आधी सांगते. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही रेल्वेलाइनी नागपुरात एकमेकींना छेदतात, त्यामुळे चारही दिशांची माणसं इथं उतरतात. जोडाई-छपाईला, म्हणजे विटा रचायला आणि प्लास्टरला, छत्तीसगड आणि बालाघाटकडच्या जोड्या, म्हणजे नवरा-बायको मिळून. सेंट्रिंगला (स्लॅबखाली फळ्या-टेकू लावायला) आणि लोह्याला (सळया बांधायला) बिहार, झारखंड किंवा पश्चिम बंगालमधल्या मालदा-मुर्शिदाबादचे कारागीर. खोदकाम आणि पाइलिंगला कधी तेलंगणाची टोळी. ठिय्यावरून, म्हणजे मजूर-नाक्यावरून, रोजीनं आणलेले आपले विदर्भातले मजूर. टाइल्सवाला बहुतेक राजस्थानी किंवा यूपीचा. हे काही पक्के नियम नाहीत, पण मी काम केलेल्या साइटवर साधारण असंच चित्र होतं.

'खाली'सारखे आणखी शब्द आहेत. मी ते एका वहीत लिहून ठेवत गेले.

'धोका' घ्या. आपल्या फलकावर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, 'धोका! आत येऊ नये.' हिंदीत धोखा म्हणजे फसवणूक. धोक्याला ते खतरा म्हणतात. देवनागरी वाचता येणारा यूपीचा माणूस तो फलक वाचतो आणि कोणी कोणाला फसवलं म्हणून कोड्यात पडतो. मालद्याचा माणूस तर देवनागरी वाचतच नाही. लिफ्टच्या खड्ड्यापाशी फलकापेक्षा आडवी फळी, लाल पट्टी आणि कवटीचं चित्र उपयोगी पडतं. फळी तर हवीच, कारण चित्र अंधारात दिसत नाही.

'कल' हा दुसरा. मराठीत काल म्हणजे होऊन गेलेला दिवस. हिंदीत कल म्हणजे काल आणि उद्या, दोन्ही. 'परसों'चंही तेच. "ये वाला कल का है" असं कोणी म्हटलं तर आपल्या कानाला ते कालचं वाटतं. त्याला उद्याचं म्हणायचं असू शकतं. प्लास्टरला पाणी मारण्यापुरता गोंधळ झाला तर एकवेळ निभावेल, पण टेकू काढायच्या वेळी निभावत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस. बीमखालचे सहा मीटरपर्यंत १४ आणि त्यापुढे २१ दिवस. ही मोजणी कुणाच्या 'कल' आणि 'परसों'वर सोडायची नसते. कास्टिंगची तारीख कॉलमवर, बीमच्या बाजूला, रंगानं लिहा. आणि इंग्रजी आकड्यांत लिहा. आपला देवनागरी एक दुसऱ्या कुणाला इंग्रजी नऊ वाटतो, आणि बंगाली चार तर इंग्रजी आठासारखाच दिसतो. एकदा मालद्याच्या लोहा मिस्त्रीनं खडूनं लिहिलेल्या चार बंडलांची मी आठ बंडलं म्हणून नोंद केली होती. दुसऱ्या दिवशी सळयांना बांधायच्या रिंगा कमी पडल्या तेव्हा उलगडा झाला.

'लेंटर' म्हणजे आपल्याकडे खिडकीवरचा लिंटल. पश्चिम यूपीच्या माणसासाठी लेंटर पडणं म्हणजे अख्खा स्लॅब पडणं, म्हणजे ओतला जाणं. तो "लेंटर कब पड़ेगा" विचारतो तेव्हा खिडक्यांकडे बघून तारीख सांगू नका.

आता ज्या शब्दानं एका माणसाचा जीव जायची वेळ आणली होती तो सांगते.

मे महिना, वर्धा रोडवरची साइट, गच्चीवर कोब्याचं काम, म्हणजे गळती थांबवायला विटांच्या तुकड्यांचा थर. नागपूरचा मे तुम्हाला माहीत आहे. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि नवतप्यात तर गच्चीवर पायातली चप्पल चिकटते. साडेअकरा वाजले होते. मी सगळ्यांना बारानंतर उतरवणार होते. झारखंडचा एक हेल्पर पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या, कडेला विटांचे तुकडे पसरत होता. तो उठून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मैडम, जी घबरा रहा है."

मराठी कानाला ते काय ऐकू येतं? घाबरतोय. मला वाटलं उंचीला घाबरला. मी त्याचा सेफ्टी बेल्ट बघितला, हूक दोरीला अडकवलेला होता. मी म्हटलं, "डरो मत, रस्सी बंधी है ना." तो मान हलवून परत गेला. पाच मिनिटांनी त्यानं घमेलं खाली ठेवलं, उकिडवा बसला आणि ओकला. त्याच्या अंगाला हात लावला तर ते तापलेल्या पत्र्यासारखं, आणि घाम नाही.

हिंदीत जी घबराना म्हणजे जीव कासावीस होणं, मळमळणं, छातीत धडधडणं. भीतीशी त्याचा काही संबंध नाही. तो मला उष्माघाताचं पहिलं लक्षण सांगत होता, स्वच्छ शब्दांत, अगदी वेळेवर. मी त्याला धीर देऊन उन्हात परत पाठवलं.

त्याला सावलीत आणून कपडे सैल केले, मानेवर, काखेत ओले फडके ठेवले, पाणी मारत राहिलो आणि ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तो वाचला. दोन दिवसांनी कामावर यायला निघाला होता, मी त्याला आठवडाभर घरीच बसवलं.

तेव्हापासून मी उन्हाळा लागायच्या आधी टोळीतल्या प्रत्येक भाषेच्या माणसाला विचारून घेते, की तुझ्या गावी चक्कर आली तर काय म्हणतात, मळमळलं तर काय म्हणतात, छातीत दुखलं तर काय म्हणतात. बंगाली माणूस 'शरीर खाराप' म्हणतो. आपल्याला ते यंत्र बिघडल्यासारखं वाटतं, त्याच्यासाठी मात्र ते 'बरं वाटत नाही' इतकं साधं वाक्य असतं. हे शब्द लिहून ठेवा. ड्रॉइंगमधली चूक तोडून परत बांधता येते.

मापाचंही असंच आहे, पण ते शिकायला सोपं. ड्रॉइंगवर एमएम असतात आणि मिस्त्रीच्या तोंडी सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दहा एमएमची सळई म्हणजे तीन सूत, बारा म्हणजे चार, सोळा म्हणजे पाच, वीस म्हणजे सहा, पंचवीस म्हणजे आठ. आठ एमएमला 'ढाई सूत' म्हणतात. ढाई म्हणजे आपलं अडीच. बंगाली 'आड़ाई' म्हणतो, तो आपल्या अडीचला जास्त जवळचा. गोंगाटात 'सात' आणि 'साठ' एकमेकांसारखे ऐकू येतात, बंगाली उच्चारात तर दोन्ही 'श'नं सुरू होतात आणि फरक फक्त शेवटच्या त आणि ट चा. मिक्सर चालू असताना आकडा बोलू नका. बोटं दाखवा किंवा हेल्मेटवर खडूनं लिहा. रेती-सिमेंटचं प्रमाणही बोलून ठरवू नका. पन्नास किलोची गोणी म्हणजे ३५ लिटर, सव्वा घनफूट. त्या मापाचा लाकडी फरमा करून द्या आणि 'एक गोणी, फरमे इतके' एवढंच सांगा. घमेल्यानं मोजाल तर प्रत्येकाचं घमेलं वेगळं भरतं.

सगळ्यात अवघड गोष्ट शब्दांची नाहीच. ती 'हां'ची आहे.

"समझ में आया?" असं तुम्ही विचारलंत की उत्तर ठरलेलं असतं, "हां साहब." छत्तीसगडी माणूस 'हव' म्हणेल, आपल्या वऱ्हाडी 'हाव'चा भाऊच तो. या 'हां'चा अर्थ 'समजलं' असा घ्यायचा नसतो. 'तुम्ही बोललात ते मी ऐकलं, तुमचा मान राखतो' इतकाच तो असतो. जो माणूस तीन दिवसांपूर्वी गाव सोडून आला आहे, ज्यानं मुकादमाकडून उचल घेतली आहे आणि ज्याला उद्या काम मिळेल की नाही ते ठाऊक नाही, तो नव्या इंजिनिअरला सगळ्यांसमोर 'नाही कळलं' म्हणणार नाही. त्याच्या जागी तुम्हीही म्हणाला नसता. मी हे त्याच्या बाजूनं सांगते आहे, कारण साइटवर 'हे लोक खोटं बोलतात' असं सहज म्हटलं जातं आणि ते मला मान्य नाही.

एकदा स्लॅबचं लोखंड बांधून झालं होतं. सळई आणि फळी यांच्यात ठोकळे ठेवून जे अंतर राखतात त्याला कव्हर म्हणतात. मी विचारलं, "कवर दिया?" मिस्त्री म्हणाला, "दिया मैडम." वाकून बघितलं तर जाळीखाली गिट्टीचे तुकडे. त्यानं कव्हर दिलं होतं. तो जिथून शिकला तिथं कव्हर असंच देतात. कव्हर ब्लॉकची पिशवी जिन्याखाली न उघडता पडली होती, कारण ते ठोकळे कशाचे ते त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. त्याच्या 'दिया'मध्ये खोटं काही नव्हतं, माझ्या प्रश्नात खोट होती. त्या दिवशी मी तळहातावर चार ठोकळे घेऊन टोळीसमोर बसले. वीस एमएमचा स्लॅबला, पंचवीसचा बीमला, चाळीसचा कॉलमला, पन्नासचा फुटिंगला. गिट्टीचा तुकडा ओतकामाच्या वेळी सरकतो, सळई फळीला टेकते, मग तिला गंज चढतो आणि काही वर्षांत खालचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटतं. हे सांगताना मी जवळच्या एका जुन्या घराच्या छज्ज्याचा फोटो दाखवला. त्यानंतर त्या मिस्त्रीला कव्हरबद्दल कधी विचारावं लागलं नाही. दुसऱ्या साइटवर तोच नव्या पोरांना ठोकळे दाखवताना मी बघितला.

तेव्हा 'समजलं का' हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी विचारा, "तो पहले क्या करोगे? फिर?" त्याला त्याच्या शब्दांत सांगू द्या. तो भोजपुरीत सांगेल, अर्धं हातानं दाखवेल, तुम्हाला निम्मं कळेल. ते निम्मंच चूक पकडायला पुरतं. आणि पहिला नमुना समोर उभं राहून करून घ्या. पहिली रिंग, प्लास्टरचा पहिला मीटर, टाइलची पहिली ओळ. ओळंबा (उभी रेघ बघायला), गुणिया (काटकोन बघायला), फंटी (सपाटी बघायला) या तीन वस्तू सगळ्या भाषांत सारख्याच बोलतात. त्यांनी तपासलेल्या नमुन्यावर वाद होत नाही.

शक्य असेल तिथं मधली तोंडं कमी करा. इंजिनिअर सुपरवायझरला सांगतो, तो ठेकेदाराला, ठेकेदार मुकादमाला, मुकादम मिस्त्रीला, मिस्त्री हेल्परला. यात दोन ठिकाणी भाषा बदलते आणि प्रत्येक ठिकाणी एकेक शब्द गळतो. मुकादमाला वगळून काम सांगू नका, त्यात त्याचा अपमान होतो आणि तो टोळी घेऊन जाऊ शकतो. त्याला बरोबर उभं करा आणि त्याच्यासमोर थेट हेल्परशी बोला.

आता मानाबद्दल, कारण इथं नागपूरकर हमखास चुकतो.

आपल्याकडे 'काय बे' ही दोस्ती आहे. आपण लहानपणापासून ज्याच्यावर जीव आहे त्यालाच 'बे' म्हणतो. यूपी-बिहारच्या माणसाला 'अबे' ही शिवी लागते. माझ्या एका सहकाऱ्यानं, मनात काहीही वाईट नसताना, सिवानच्या पन्नाशीच्या मिस्त्रीला म्हटलं, "क्या कर रहा बे?" मिस्त्रीनं करणी पाण्यात बुडवली, पुसली, पिशवीत ठेवली. दिवसभर तो बाजूला बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचे पाच माणसं घेऊन निघून गेला. सहकारी आठवडाभर विचारत होता की झालं काय.

आणि 'तू'. मराठीत आपण देवाला, आईला, मित्राला तू म्हणतो. तिकडे परक्या वडीलधाऱ्या माणसाला बावीस वर्षांच्या पोरानं तू म्हणणं फार लागतं. 'आप' म्हणा, 'मिस्त्रीजी' म्हणा, वयस्क असेल तर 'चाचा'. छत्तीसगडच्या बायकांना 'दीदी', म्हाताऱ्या बाईला 'दाई'. मालद्याच्या माणसाला 'दादा' म्हटलं की त्याचा चेहरा उजळतो. 'ए बिहारी', 'ए छत्तीसगढ़ी' म्हणून हाक मारायची सवय साइटवर सर्रास दिसते. तुम्ही ती लावून घेऊ नका. मस्टरवर नाव आहे, ते पाठ करा. पहिल्या आठवड्यात वीस नावं पाठ झाली तर तुमची अर्धी भाषा शिकून झाली, असं मी नव्या मुलांना सांगते. संकटात ओरडायला नाव लागतं. "ए, हट" म्हटलं की दहा माणसं वळून बघतात आणि ज्यानं हटायला हवं तो तिथंच असतो.

रेजांबद्दल थोडं निवांत सांगायला हवं. छत्तीसगडच्या बायका पुरुष इंजिनिअरशी थेट बोलत नाहीत. पदर पुढे ओढतात, मान खाली घालतात, जे सांगायचं ते नवऱ्याकडून किंवा मुकादमाकडून. त्यामुळे त्यांना काही माहीत नसतं असं समजलं जातं. पण सबंध साइटवर फिरणारं माणूस तेच असतं. कुठली फळी कुजली आहे, कुठल्या जिन्याला कठडा नाही, कुठं वायर उघडी पडली आहे, डोक्यावर घमेलं घेऊन दिवसातून साठ वेळा तिथून जाणारीला कळणार नाही तर कुणाला? मी बाई असल्यामुळे माझ्याशी त्या बोलल्या. जेवायच्या सुटीत मी त्यांच्यात जाऊन बसायची. रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, बासी म्हणतात त्याला, मीठ आणि कांद्याबरोबर खायच्या. मला आमच्या सुपरवायझरनं सांगितलं होतं की हे लोक शिळं खातात. मेच्या उन्हात त्या बासीनं पोट किती थंड राहतं ते त्यांनी मला खाऊ घालून दाखवलं. लिफ्टच्या शाफ्टला झाकण नाही ही गोष्ट मला अशाच एका जेवणात कळली. तुम्ही पुरुष असाल तर टोळीतल्या एखाद्या वयस्क बाईला, तिच्या नवऱ्यासमोर, रोज सकाळी एकच प्रश्न विचारा, "दीदी, कहीं कुछ टूटा-फूटा दिखा क्या?" पहिले चार दिवस ती काही बोलणार नाही. विचारत राहा.

सण आणि शेती यांचं कॅलेंडर भिंतीवर लावा, नाहीतर तुमचा बारचार्ट, म्हणजे कामाचं वेळापत्रक, दर वर्षी मोडेल. आषाढ-श्रावणात रोवणीला गोंदिया, भंडारा, बालाघाट आणि छत्तीसगडची माणसं गावी जाणारच, धान कापणीला पुन्हा जाणार. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ, त्याच्या आधीच बिहारची माणसं गाडी पकडतात. पोळ्याला आणि मारबतीला आपले विदर्भातले मजूर नसतात, १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनालाही नसतात. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा असते, त्या दिवशी बिहार-बंगालचा कारागीर हत्याराला पूजेशिवाय हात लावत नाही. मी एकदा त्याच दिवशी काँक्रीटची गाडी मागवली होती. आता त्या दिवशी मी नारळ आणि पेढे मागवते आणि कास्टिंग अठराला ठेवते.

क्रेन असेल तर एक नियम कडक पाळा. क्रेनवाल्याला इशारा एकच माणूस देणार, आणि तो हातानं देणार. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, बोट जमिनीकडे करून फिरवलं की उतरव, हात आडवा पसरून तळवा खाली ठेवत पुढं-मागं हलवला की थांब. फक्त थांबवायचा इशारा कुणीही दिला तरी क्रेन थांबलीच पाहिजे, मग तो हेल्पर का असेना. तोंडानं काही ओरडायची वेळ आलीच तर मराठी 'थांब' टाळा. गोंगाटात ते 'थाम'सारखं ऐकू येतं, आणि थाम म्हणजे धर. सोडायच्या वेळी माणूस घट्ट धरून ठेवतो. 'रुको' म्हणा.

साइटवर नवी टोळी आली की पहिल्या सकाळी मी टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या बैठकीत, भाषण देत नाही. त्यांच्यातल्या एकाला पुढे बोलावते आणि त्यांच्या भाषेतले सहा शब्द आम्हाला शिकवायला सांगते. थांब, धर, सोड, वर, खाली, पाणी. बाकीचे सगळे ते मोठ्यानं म्हणतात. नवे लोक आधी लाजतात, मग हसतात, मग आमचे उच्चार दुरुस्त करतात. बंगाली थांबायला 'दाँड़ाओ' म्हणतो, धरायला 'धोरो', सोडायला 'छाड़ो'. तेलुगू थांबायला 'आगु' म्हणतात. हे माहीत नसताना आमच्या एका पाइलिंगच्या कामावर तेलंगणाचा माणूस 'आगु, आगु' ओरडत पळत आला आणि आमची चार माणसं आग कुठं लागली म्हणून मातीच्या बादल्या शोधायला धावली. तो मशीन थांबवायला सांगत होता, कारण केसिंगजवळची, म्हणजे खड्ड्यातल्या लोखंडी नळीजवळची, माती खचायला लागली होती. ऑपरेटरनं त्याचे हात बघितले आणि मशीन बंद केलं.

आमच्या साइटवर 'खाली' हा शब्द आता कोणी वापरत नाही. उतरवायचं असेल तर 'नीचे', रिकामं करायचं असेल तर 'पलटी', आणि दोन्ही वेळा हातानं दाखवून. मागच्या महिन्यात कामठीचा एक नवा मुलगा रुजू झाला. पहिल्याच दिवशी तो लिफ्टखाली उभा राहून "खाली घे" म्हणाला, तर वरचा हेल्पर बकेट धरून तसाच उभा राहिला आणि विचारत राहिला, "नीचे, कि पलटी?" मुलगा दोनदा 'खाली'च म्हणाला. हेल्परनं बकेट हलवली नाही.

मी ऑफिसातून निघून तिथं पोचेपर्यंत तो थांबला होता.